वाच बघू, काय लिवलंय

सीमाभागातल्या मराठी घरांत थोरल्या पोराच्या वाट्याला एक काम न सांगता येतं. घरी आलेला सरकारी कागद वाचून दाखवायचं. आमच्या घरी ते माझ्याकडे होतं. केईबीचं लाइट बिल, सोसायटीच्या कर्जाची नोटीस, रेशन कार्डावरचा शेरा, तलाठ्यानं दिलेला जमिनीचा उतारा, सगळं कन्नडमध्ये. आप्पांना कन्नड बोलता यायचं, आणि चांगलं यायचं. रताळ्याची पोती घेऊन बेळगावच्या मार्केट यार्डात गेले की दलालाशी भावावरून कन्नडमध्येच वाद घालायचे, हसायचे, त्याच्या पोराबाळांची चौकशी करायचे. अक्षर मात्र लागत नव्हतं. त्यांची शाळा मराठी, तीही मुंबई राज्यातली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ते प्राथमिक शाळेत होते. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या पुढे. गाव हललं नाही, शेताचा बांध हलला नाही, कचेरीची भाषा तेवढी बदलली. आजोबांच्या काळचे उतारे ट्रंकेत मराठीत होते. त्याच जमिनीचा नवा उतारा आप्पांना आयुष्यभर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. दुसरं म्हणजे कोण, तर मी.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ते पाळीला जायचे. संध्याकाळी परत आले की आधी गोठ्यात वैरण, मग हातपाय धुणं, मग खिशातून घडी घातलेला कागद. "वाच बघू, काय लिवलंय." मी तेव्हा सहावी-सातवीत. कन्नडची जोडाक्षरं ओळीखाली लटकतात. त्यातलं एखादं अडलं की मी थांबायचे, आणि मी थांबले की आप्पांचा चेहरा उतरायचा. त्यांना वाटायचं, वाईट काहीतरी आलंय म्हणून पोर थांबली. एकदा सोसायटीच्या नोटिशीत जप्तीचा उल्लेख होता. मी तो गाळून "लवकर भरा म्हणतायत" एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती दिवसांत?" मी काहीतरी गाळलंय हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला. पुढच्या बाजाराला दावणीतली एक म्हैस गेली. त्या नोटिशीबद्दल आमच्यात परत कधी बोलणं झालं नाही.

कचेरीत जायचं असलं तर ते मला शाळा बुडवून न्यायचे. लाल गाडीनं सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मोठ्या स्टँडला, उतरायचं आणि तिथून चालत. खिडकीपाशी मी पुढे, ते माझ्या मागे. आतला माणूस कन्नडमध्ये काहीतरी भराभर विचारायचा, मी मान वर करून उत्तर द्यायचे. त्यांचा हात माझ्या खांद्यावर असायचा, आणि आतल्या माणसाचा आवाज चढला की तो हात जड व्हायचा. शेतात दोन पोती एका वेळी उचलणारा, भावकीच्या भांडणात कुणाला न ऐकणारा माझा बाप त्या खिडकीपाशी किती बारीक होऊन उभा राहतो, हे मी अगदी जवळून बघितलं. घरी आल्यावर मला ते काही म्हणायचे नाहीत. आईला म्हणायचे, "पोरीनं सायबाला नीट सांगितलं." मी आतल्या खोलीत असायचे, आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात ते बोललेले असायचे.

१९८६ साली कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं. जूनच्या सुरुवातीला गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं हुतात्मा स्मारक आहे. आप्पा त्या आंदोलनात होते. दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी फीत बांधून ते चालायचे, त्या वर्षीही चालले. आणि त्याच हंगामात, भाताची मळणी उरकल्यावर, त्यांनी मला शहापुरातल्या एका कन्नड मास्तरांकडे शिकवणीला घातलं. मला ते कळेना. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही तर कन्नड नको म्हणता की." ते म्हणाले, "सक्ती नको म्हणतो. शिकू नको कुठं म्हणतो? उद्या तुला कुणी कागदावर फसवू नये." मास्तरांना फी तर द्यायचेच, वर नव्या भाताचे तांदूळ. मास्तर भला माणूस होता, आणि त्यांच्या बायकोनं मला कधी उपाशी घरी पाठवलं नाही. सीमाप्रश्नावर भाषणं खूप झाली, होतात. पण रस्त्यावर एका गोष्टीसाठी लाठ्या खाणारा बाप घरी येऊन पोरीच्या भल्यासाठी तिची शिकवणी लावतो, ही गोष्ट मला त्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठी वाटते. आजही वाटते.

आप्पांनी मला कधी जवळ घेऊन लाडाचं काही म्हटलेलं आठवत नाही. त्याची उणीव मात्र मला कधी भासली नाही, आणि ती का भासली नाही याचा विचार मी अलीकडे पुष्कळ करते. मला वाटतं, त्यांची भीती मला दिसत होती. ते कशासाठी घाबरतात, कशासाठी म्हैस विकतात, कुठल्या कागदापायी रात्री जागे राहतात, हे मला माहीत होतं, कारण तो कागद मीच वाचलेला असायचा. त्यांच्या अडचणीत मी भागीदार होते. ज्या पोरांना ही भागीदारी मिळत नाही, त्यांना आई-बापाचं प्रेम दिसावं तरी कुठून?

हा विचार सुरू झाला तो भाच्यामुळे. पण त्याआधी भावाबद्दल सांगायला हवं, आणि सांगताना थोडं कडूही सांगायला हवं.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. तो शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा हातात दोन पैसे येत होते, म्हणून त्याला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं. पुढे इथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंग. त्यासाठी ओढ्याकडचं वीस गुंठे रान गहाण पडलं. मी मराठी शाळेतून बी.ए. झाले आणि कन्नड येतं म्हणून एका पतसंस्थेत लागले. भावाला इंग्रजी मिळाली, मला कन्नड. त्याची भाषा त्याला पुण्याला आणि तिथून पुढे घेऊन गेली, माझ्या भाषेनं मला आई-आप्पांपाशी ठेवलं. आप्पांना विचारलं असतं तर म्हणाले असते, दोन्ही पोरं सारखी. त्यांच्या मनात सारखीच होती, हे मी शपथेवर सांगीन. पण प्रेम फीमधून, रानामधून, शिकवणीमधून दाखवायचं म्हटलं की त्याचा हिशेब राहतो, आणि घरातल्या मुली तो हिशेब लहानपणापासून तोंडपाठ करतात. बोलून दाखवलेलं प्रेम तरी दोघांना सारखं देता आलं असतं. आपल्याकडचं न बोलता केलेलं प्रेम किती थोर, असं कुणी लिहिलं की मला हे वीस गुंठे आठवतात.

भाऊ आता न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. त्याचं जाणं त्याच्या हुशारीमुळे झालं असं गावात म्हणतात. ते खरं आहे, पण दार उघडं होतं म्हणून हुशारीला वाट मिळाली. अमेरिकेनं १९१७ च्या कायद्यानं भारतासकट आशियाच्या मोठ्या भागाला दार लावून घेतलं होतं. ते नीट उघडलं १९६५ साली, देशावर आधारलेला जुना कोटा रद्द झाला तेव्हा. मग डॉक्टर आणि इंजिनिअर गेले, फिलिपिन्सच्या नर्सेस गेल्या, कोरियन दुकानदार गेले, १९७५ नंतर युद्धातून जीव वाचवून व्हिएतनामी आले. तिकडे या सगळ्यांना मिळून 'एशियन पेरेंट्स', म्हणजे आशियाई आई-बाप, म्हणतात. पण निर्वासित म्हणून पोहोचलेल्या आईची आणि कंपनीनं बोलावलेल्या बापाची भीती एक कशी असेल? जेनिफर ली आणि मिन झोऊ या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय की तिकडे गेलेले बरेच आशियाई त्यांच्या मायदेशातल्या सरासरी माणसापेक्षा आणि अमेरिकेतल्या सरासरी माणसापेक्षाही जास्त शिकलेले असतात. माझा भाऊ त्यातलाच. त्याला तिकडच्या कचेरीतला कागद वाचायला पोराची गरज नाही. आणि गोष्ट अडते ती इथेच.

तो गेला एच-वन-बी व्हिसावर. हा व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला. त्यावर नोकरी करता येते, पण कायमचं राहण्यासाठी ग्रीन कार्ड लागतं, आणि नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतातून अर्ज करणारे एवढे की रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. पहिल्या वर्षी तो एकटाच गेला. वहिनी आणि पोरगं इथे आमच्याजवळ होतं. मग तीही गेली. पोरगं तेव्हा चार वर्षांचं. वहिनी एम.एस्सी., पण नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिकडे काम करायची परवानगी नव्हती. काही जणींना ती मिळायला लागली २०१५ पासून. तोवर ती घरीच.

भाचा गेल्या उन्हाळ्यात पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घ्यायला भारतात आला आणि पासपोर्ट हातात यायला वेळ लागला म्हणून बरेच दिवस आमच्याकडे राहिला. मराठी त्याला घरातली येते. "भूक लागली", "नको", "कुठे ठेवू" इथपर्यंत बरी, मनातलं सांगायचं झालं की अडतो आणि इंग्रजीत शिरतो. माझी इंग्रजी बँकेच्या कामापुरती. तरी रात्री जेवणं झाल्यावर पडवीत आमचं बरंच बोलणं व्हायचं.

त्याची बापाविषयीची तक्रार मोठी होती. बाबा विचारतात ते फक्त मार्क, गाडीच्या टायरची हवा, इन्शुरन्स. "मी कसा आहे असं त्यांनी मला एकदाही विचारलेलं नाही, आत्या." मग त्यानं आइस्क्रीमच्या दुकानाची गोष्ट सांगितली. तो सोळा वर्षांचा असताना त्याच्या सगळ्या मित्रांनी सुट्टीत तिथे काम धरलं. एकत्र काम, एकत्र हसणं, संध्याकाळी स्वतःचे पैसे. त्यानंही विचारलं. बाबा म्हणाले, नाही, अभ्यास कर. त्यानं खूप वाद घातला. बाबा दुसरं काही बोललेच नाहीत. तो उन्हाळा त्यानं खोलीत काढला, आणि आपला बाप मार्कांपलीकडे काही न बघणारा माणूस आहे हे मनाशी पक्कं केलं. कॉलेजात गेल्यावर कुठलासा फॉर्म भरताना त्याला कळलं की आई-बापाच्या व्हिसावर असलेल्या मुलाला तिथे पगारी काम करायला कायद्यानंच मनाई आहे. दुकानात उभा राहिला असता तर त्याचा आणि कदाचित सगळ्या घराचाच मुक्काम धोक्यात आला असता.

"मग त्यांनी तसं का नाही सांगितलं?" त्यानं मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या आवाजात राग कमी होता आणि दुसरंच काहीतरी जास्त होतं. इतकी वर्षं एका चुकीच्या माणसावर रागावून बसल्यासारखं झालं होतं त्याचं.

मी भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो कामावर निघाला होता. म्हटलं, अरे, सांगितलं का नाहीस त्याला? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "काय सांगू, अक्का? सोळा वर्षांच्या पोराला सांगू की बाळा, तुझे सगळे मित्र इथले आहेत, तू नाहीस?" आणि थोड्या वेळानं, "तुला आठवतं? आप्पा तुला तहसीलदार कचेरीत न्यायचे. एकदा मलाही आणलं होतं. तू खिडकीशी उभी होतीस आणि तो आतला माणूस तुझ्यावर ओरडत होता. मी आप्पांचं धोतर धरून मागे होतो. तेव्हापासून मनात होतं, माझ्या पोराला कुठल्या खिडकीशी उभं करायचं नाही."

मी ऐकत राहिले. ज्या खिडकीपाशी मला माझा बाप कळला, तीच माझ्या भावाला मागून दिसली होती, आणि मागून तिचं रूप वेगळं होतं. त्याला दिसली शाळकरी अक्का आणि तिच्यावर ओरडणारा माणूस. त्यानं मनाशी जे ठरवलं ते निव्वळ मायेपोटी. मायेपोटीच त्यानं घरातला प्रत्येक कागद पोरापासून लपवला. वकिलांच्या फी, नोकरी जाण्याची धास्ती, मुदतवाढीचे अर्ज, पोराच्या वाढदिवसागणिक जवळ येणारं एकविसावं वर्ष, सगळं त्याचं आणि वहिनीचं, दार लावून, दबक्या आवाजात. दाराबाहेरच्या पोराला तेवढं ऐकू आलं: अभ्यास कर.

अमेरिकेत परदेशी कुटुंबांतल्या मुलांच्या या दुभाषेपणाचा अभ्यास झालेला आहे. 'लँग्वेज ब्रोकरिंग' म्हणतात त्याला. लुसी त्से यांनी १९९० च्या दशकात त्यावर काम केलं, पुढे टेक्सस विद्यापीठातल्या सू यंग किम आणि इतरांनी. आई-बापासाठी डॉक्टरांशी बोलणारी, बँकेची पत्रं वाचणारी, शाळेच्या बैठकीत स्वतःचीच तक्रार भाषांतर करून सांगणारी पोरं. या अभ्यासांचे निष्कर्ष एका बाजूचे नाहीत. काही मुलांना ते ओझं होतं, त्यातून ताण येतो, उदासी येते. काहींना त्यातून आपण घराच्या उपयोगी आहोत असं वाटतं, आई-बापाशी जवळीक वाढते. भाऊ आणि मी एकाच घरातली दोन पोरं, आणि हे दोन्ही निष्कर्ष आमच्यातच भेटतात. वयाच्या मानानं जड कागद माझ्या हातात आले हे खरं आहे. जप्ती हा शब्द सातवीतल्या मुलीनं एकटीनं पोटात ठेवावा असा नव्हे. भावाचं दुखणं मला पटतं.

तरी लपवणं मला पटत नाही.

तिकडे वाढलेल्या चिनी, कोरियन, भारतीय पोरांच्या आठवणींत एक गोष्ट फिरून फिरून येते. भांडण झालं की आई-बाप माफी मागत नाहीत, थोड्या वेळानं चिरलेल्या फळांची बशी आणून अभ्यासाच्या टेबलावर ठेवतात. ती वाचून मला आमची आई आठवते. दिवसा रागाच्या भरात काही बोलून गेली असली की रात्री भाकरीवरचा लोण्याचा गोळा मोठा असायचा. आम्हाला कळायचं. भाच्यालाही कळायचं, त्याच्या आईनं सफरचंद सोलून दिलं की. पण सफरचंद खाऊन झाल्यावरही आइस्क्रीमच्या दुकानात का जाऊ दिलं नाही हा प्रश्न तसाच राहतो. फळांच्या बशीला हल्ली फार मोठं केलं जातंय असं मला वाटतं. ती भांडण मिटवते, खुलासा करत नाही.

आणि दुसरीही एक गोष्ट या बशीखाली झाकली जाते. प्रत्येक गप्प बापाच्या पोटात माया असतेच असं नाही. मारणाऱ्या, टोचून बोलणाऱ्या, पोराची दुसऱ्या पोराशी तुलना करून त्याला रोज थोडं थोडं कमी करणाऱ्या आई-बापांनाही 'आमच्यात प्रेम असंच दाखवतात' असं म्हणून सोडून देतात. याच सू यंग किम यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबांचा आठ वर्षं माग काढला आणि २०१३ साली निष्कर्ष मांडले. सतत धाकात ठेवणारे आई-बाप वाटतात तेवढे सरसकट निघाले नाहीत. सगळ्यांत जास्त निघाले ते आधार देणारे, समजावून सांगणारे, आणि त्यांचीच मुलं अभ्यासात आणि मनानंही बरी होती. त्याआधी १९९४ साली रूथ चाओ यांनी दाखवलं होतं की चिनी आईच्या कडकपणाला अमेरिकी मापानं हुकूमशाही म्हणणं चूक आहे, कारण त्यात गुंतवणूक असते, जवळ असणं असतं. मला या दोन्ही बायकांचं म्हणणं खरं वाटतं. कडक असणं आणि समजावणं एकत्र राहू शकतं. आप्पा कडकच होते. पण "उद्या तुला कुणी कागदावर फसवू नये" हे त्यांनी मला सांगितलं होतं. शिकवणीला जा, एवढंच म्हणून ते थांबले असते तर मी कदाचित त्या शिकवणीचा राग आजही विसरले नसते.

भाच्याचं प्रेम दाखवणं निराळं. फोन ठेवताना तो "लव्ह यू, आजी" म्हणतो. आई पहिल्यांदा गडबडली. मला विचारलं, "त्याला काय म्हणायचं असतं?" मी म्हटलं, काही नाही, तिकडे पोरं तसं म्हणतात, दुकानाला निघाली तरी म्हणतात. ती म्हणाली, "मग आम्ही गप्प बसलो तर त्याला वाईट वाटत असंल की." पुढच्या फोनला तिनं धीर करून "होय बाळा, मी पण" म्हटलं. आता तेच म्हणते, आणि म्हणताना फोन कानापासून जरा पुढे धरते, त्याचा चेहरा दिसावा म्हणून. ऐंशीच्या घरातल्या बाईला हे जमतं. माझ्या भावाला जमत नाही. पोरगं काही म्हणायच्या आत तो "चल, ठेवतो" म्हणून फोन बंद करतो, भाच्यानंच मला हे सांगितलं.

भाचा इथे असताना एक दिवस हेस्कॉमचं लाइट बिल आलं. मी कामावर होते. आईनं नेहमीप्रमाणे ते माझ्यासाठी खिळ्याला लावून ठेवलं. भाच्यानं ते काढलं, मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला, गूगल लेन्सनं कन्नडचं इंग्रजी केलं आणि त्यानं इंग्रजीचं त्याच्या त्या मराठीत केलं. रक्कम किती, कधीच्या आत भरायची, गेल्या महिन्यापेक्षा जास्त का. आईनं विचारलं, "कन्नड शिकलास काय रे?" त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि घरातले बाकीचे कागद मागितले. मी घरी आले तर चटईवर सगळे पसरलेले. जुना उतारा, घरपट्टीची पावती, आप्पांच्या फाउंड्रीतल्या कामाचा दाखला. आई एकेक पुढे करत होती आणि तो वाचत होता. आप्पांनी पाळीत किती वर्षं काढली ते त्याला तिथे कळलं. ओढ्याकडचं रान गहाण पडलं होतं तेही कळलं, आणि कशासाठी पडलं होतं ते आईनं सांगितलं. रात्री मला म्हणाला, "मला हे आवडलं. आमच्या घरी मला असं काही करू देत नाहीत."

मी ते भावाला जसंच्या तसं सांगितलं.

या वर्षी भाच्याला एकवीस पूर्ण झाली. एकवीस पूर्ण झाली की आई-बापाच्या व्हिसावरचा हक्क संपतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत बापाचा नंबर लागलेला नसेल तर पोराला स्वतःची वाट बघावी लागते, नाहीतर चार वर्षांच्या वयापासून जो देश त्याचा आहे तो सोडावा लागतो. बहुतेक मुलं विद्यार्थी व्हिसा घेतात. त्यासाठी आय-५३९ नावाचा फॉर्म, आय-२० हा कॉलेजचा प्रवेशाचा कागद, आणि खर्च कोण करणार याचे पुरावे, म्हणजे बापाच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे. वाढदिवसाच्या बऱ्याच आधी हे सगळं सुरू करावं लागतं. वकील सगळं करून देतो. पण या वेळी भाऊ म्हणाला, आपण दोघं बसून करू.

शनिवार-रविवार बसत होते म्हणे. काम व्हायचं थोडं, बोलणं जास्त. कुठल्या वर्षी कुठे राहत होतो या रकान्यापाशी भाऊ थांबला, आणि मग पहिल्या वर्षाबद्दल बोलला. भाच्यानं मला फोन केला. "आत्या, बाबा पहिल्या वर्षी एका घराच्या तळघरात राहायचे, चार जणांत. हीटर नीट चालत नव्हता. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. त्या वर्षी तो दर रविवारी फोन करायचा आणि सगळं बरं आहे म्हणायचा. मी, आई, आप्पा, वहिनी, आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.

"अजून काय विचारू त्यांना?" भाचा म्हणाला.

मी म्हटलं, बापाला विचार की अजून, तो आता बोलतोय तोवर विचारून घे. पण तुझ्या आईलाही विचार. एम.एस्सी. होऊन ती घरी बसली होती ती वर्षं तिनं कशी काढली, हे तिला आजवर आमच्यापैकी कुणी विचारलेलं नाही.